कुलाब्याचा कडा करपा आणि शास्त्रज्ञांची मंडळे

गणपतीच्या सुमारास भात पोटरीला येते आणि नेमके त्याच दिवसांत काही खाचरांतली पाने कडेने पिवळी पडू लागतात. आपल्या पनवेल भागात अशा वेळी सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘करपा आला.’ मग तो करपा बुरशीचा असो, जिवाणूचा असो की नुसत्या पालाशच्या कमतरतेचा असो. दुकानातून औषधही बहुधा एकच येते, आणि शेजाऱ्याने कोणते मारले ते विचारून येते.

शेतकरी बंधूभगिनींनो, या करप्याच्या एका प्रकाराची, म्हणजे कडा करप्याची, हकीकत आज सांगायची आहे. ती सांगण्याचे कारण असे की हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा नजरेस आला तो आपल्याच जिल्ह्यात. आणि दुसरे कारण म्हणजे गावोगावच्या सभांत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. ‘साहेब, हे शास्त्रज्ञ लोक मोठमोठ्या शहरांत परिषदा भरवतात, इंग्रजीतून निबंध वाचतात, त्याचा आमच्या खाचराला काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कडा करप्याच्या हकीकतीतूनच देता येते.

रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. या कुलाबा जिल्ह्यात १९५१ साली भातावर एक अनोळखी रोग दिसला. पाने शेंड्याकडून आणि दोन्ही कडांनी खाली सुकत येत. सुकलेल्या आणि हिरव्या भागांमधली रेघ नागमोडी असे. जुन्या लोकांनी त्याला वाऱ्याचा मार म्हटले असेल, कोणी देवाचा कोप म्हटले असेल. असा रोग येतो, दोन पायल्या भात कमी होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत माणूस तो विसरून जातो. शेतातले बहुतेक अनुभव असेच विरून जातात. हा मात्र विरला नाही, कारण तो कोणीतरी लिहून ठेवला.

१९५९ मध्ये श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल या तीन शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापले. भारतातल्या भातावर जिवाणूमुळे होणारा करपा आहे, एवढाच त्याचा मथितार्थ. यांपैकी डॉ. थिरुमलाचार त्या काळी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात संशोधन करीत होते. डॉ. एम. के. पटेल यांनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात पिकांच्या जिवाणूजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घातला होता. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, भापकर, कुलकर्णी आणि चव्हाण यांनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या नियतकालिकात याच रोगावर सविस्तर लेख लिहिला. ज्या ‘करंट सायन्स’मध्ये पहिले टिपण आले ते कोणा व्यापाऱ्याचे पत्र नव्हे. १९३२ पासून बंगळूरहून निघणारे, शास्त्रज्ञांच्या मंडळाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेले ते नियतकालिक आहे.

आता, रोग दिसला १९५१ साली आणि छापून आला १९५९ साली. आठ वर्षे हा काळ थोडा नाही, आणि याबद्दल शास्त्रज्ञांचे कौतुकच करावे असे मला वाटत नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रोगट पानात जिवाणू सापडला म्हणजे रोग त्यानेच झाला, असे होत नाही. मेलेल्या गुरावर माशा बसतात, म्हणून माशांनी गुरू मारले असे आपण म्हणत नाही. तो जिवाणू पानातून वेगळा काढावा लागतो, काचेच्या बशीत एकटा वाढवावा लागतो, निरोगी रोपाला टोचून तसाच रोग उत्पन्न करावा लागतो आणि त्या रोपातून तोच जिवाणू पुन्हा मिळवावा लागतो. एवढे केले तरच मंडळाचे संपादक आणि परीक्षक निबंध छापायला घेतात. एकाने दावा करायचा आणि दुसऱ्याने तो खोडून काढण्याचा प्रयत्न करायचा, हेच या मंडळांचे खरे काम. आपल्या गावकीच्या बैठकीत बांधाचा वाद मांडतात, साक्षी तपासतात, तसाच हा प्रकार.

शिवाय तुलना करायला दुसरीकडची माहिती हाताशी असावी लागते. जपानात हाच रोग फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांनी १८८४ मध्येच पाहिला होता. सुरुवातीला तिथेही जमीन आम्लधर्मी झाल्यामुळे हे होते अशी समजूत होती. १९०९ मध्ये ताकाइशी यांना रोगट पानांवरच्या दवाच्या थेंबांत जिवाणू आढळले आणि १९२२ मध्ये इशियामा यांनी त्या जिवाणूला नाव दिले. जपानी शेतकऱ्याने पाहिलेली गोष्ट आपल्याकडच्या शास्त्रज्ञाला ओळखता आली, ती केवळ कागदावर उतरली होती म्हणून.

कुलाब्यातली ही नोंद कशाला उपयोगी पडली? १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद भागात आणि उत्तरेकडे कडा करप्याची मोठी साथ आली. श्रीवास्तव आणि राव यांनी त्याच वर्षी ती ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ या नियतकालिकात नोंदवली. रोग कशाचा हे शोधण्यात पुन्हा वर्षे घालवावी लागली नाहीत. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत तायचुंग नेटिव्ह-१ आणि आय. आर. ८ ही बुटकी, भरघोस खत खाणारी भाते देशात आली. उत्पन्न वाढले, पण दोन्ही वाण या रोगाला बळी पडणारे निघाले. आपल्या खलाटीत जुन्या कोलम-झिनीच्या जागी नवे बियाणे शिरले ते याच काळात. धोका कोठे आहे हे आधीच माहीत होते, म्हणून भातपैदाशीच्या कामात कडा करप्याची चाचणी पहिल्यापासून धरली गेली. १९६५ मध्ये हैदराबादला अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला. तेव्हापासून नवा वाण शिफारशीला येण्यापूर्वी देशभरातल्या केंद्रांवर त्याची रोगांसाठी परीक्षा होते.

‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ हे नाव वर आले. ज्या मंडळाचे ते मुखपत्र, त्या भारतीय वनस्पतिरोगशास्त्र मंडळाची स्थापना दिल्लीला १९४७ मध्ये डॉ. बी. बी. मुंडकूर यांच्या पुढाकाराने झाली आणि नियतकालिक १९४८ मध्ये निघाले. तो काळ आठवावा. १९४२ च्या हंगामात बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने थैमान घातले आणि १९४३ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. दुष्काळाची कारणे पुष्कळ होती, युद्ध होते, साठेबाजी होती, सरकारची बेपर्वाई होती. तरी पिकाचा रोग हा माणसाच्या ताटाशी किती जवळचा आहे हे सगळ्यांना कळून चुकले. १९४६ मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था निघाली, त्याच वर्षी केंद्राचे पीक संरक्षण संचालनालय निघाले, आणि लगोलग हे मंडळ. पहिल्या दोन संस्था सरकारी होत्या. मंडळ मात्र वर्गणी भरणाऱ्या सभासदांचे होते, आणि आजही तसेच आहे.

युरोपातही असेच घडले होते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्याने उपासमार माजली, सुमारे दहा लाख माणसे दगावली. दमट हवेमुळे बटाटा कुजतो आणि बुरशी नंतर चढते, असे त्या वेळी मोठमोठे पंडित म्हणत. बर्कले नावाच्या एका पाद्र्याने १८४६ मध्ये लंडनच्या बागायत मंडळाच्या नियतकालिकात लिहिले की बुरशी हेच कारण आहे. तो एकाकी पडला, पण त्याचे लिहिणे छापले गेले आणि शेवटी तेच खरे ठरले.

छापून ठेवलेले कधी कामास येईल याचा नेम नसतो. आपले घाटावरचे डाळिंबवाले पाहुणे ‘तेल्या’ या शब्दानेच दचकतात. या शतकाच्या सुरुवातीला सोलापूर, सांगोला, नाशिक भागांतल्या बागाच्या बागा तेल्याने उखडायला लावल्या. पुष्कळांना वाटले की हा नवाच काही रोग आला. वास्तविक डाळिंबावरच्या या जिवाणूजन्य ठिपक्याचे वर्णन हिंगोरानी आणि मेहता यांनी १९५२ मध्येच ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’त केले होते. पन्नास वर्षे ते दोन पानांचे टिपण कपाटात पडून होते. त्याने तेल्या थांबला नाही हे खरेच. परंतु शत्रू बुरशी नसून जिवाणू आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सोलापूरला २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, त्याचे काम त्या ओळखीपासून पुढे सुरू झाले. बाजारातल्या नाना बाटल्या मारून जे शेतकरी बुडाले त्यांच्यापर्यंत मात्र ती ओळख वेळेवर पोचली नाही, हेही तितकेच खरे.

पुण्याला आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १९४६ मध्ये प्रा. शं. पु. आघारकर आणि इतरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ पासून आघारकरांचे नाव आहे. तिथे रोगट पानांचा आणि बुरशींचा संग्रह जपलेला आहे, आणि त्याला अजरेकर यांचे नाव दिले आहे. याच अजरेकरांनी १९२६ मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात ज्वारीच्या चिकट्यावर लिहिले होते. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावरून पान आणले, हे चिठ्ठीवर लिहून असे वाळलेले पान ठेवून देतात. कोणाला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण पुढे कोणी शंका घेतली की हा रोग तो नव्हेच, तर तंटा मिटवायला पुरावा म्हणून ते पान काढता येते. आपण सात-बाराचा उतारा जपतो, तसेच हे.

नावाचे भांडणही मोठे असते. कडा करप्यात कोवळे रोप लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत सबंधच कोमेजते, असा एक प्रकार आहे. जावा बेटावर त्याला ‘क्रेसेक’ म्हणत, आणि बरीच वर्षे तो निराळाच रोग मानला जाई. दोन्ही एकाच जिवाणूचे खेळ आहेत हे नंतर सिद्ध झाले. १९६८ मध्ये लंडनला जगातल्या वनस्पतिरोगशास्त्रज्ञांचे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. पिकांच्या जिवाणूंना नावे कशी द्यायची याचे नियम त्याच्या समितीने १९८० मध्ये घालून दिले. आज फिलिपाइन्सचा शास्त्रज्ञ आणि कर्जतचा शास्त्रज्ञ एकाच नावाने बोलतात. नाव एक नसेल तर दुसऱ्या देशातला इलाज आपल्याला लागू पडेल की नाही, हे ठरवणार कसे?

आता इलाजाचे पाहू. आफ्रिकेतल्या माली देशातले एक रानटी भात कटकच्या संशोधन संस्थेत आणून लावले होते. त्याला कडा करपा लागतच नाही असे देवदत्त नावाच्या शास्त्रज्ञांना दिसले आणि १९८३ मध्ये त्यांनी ते छापले, पुन्हा त्याच ‘करंट सायन्स’मध्ये. ते वाचून फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत डॉ. गुरुदेव खुश यांच्या गटाने त्या रानभाताचा गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्या गुणाला एक्सए-२१ असे नाव मिळाले. अशा तीन प्रतिकारक गुणांची जोड देऊन हैदराबादच्या दोन संस्थांनी सुधारित सांबा मसुरी हे भात तयार केले आणि ते २००८ मध्ये प्रसारित झाले. ते वाण आपल्या कोकणासाठी आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे कोणते भात लावावे हे कर्जतच्या केंद्राला विचारावे. परंतु १९५९ मध्ये रोगाचे नाव ज्या नियतकालिकात आले, चोवीस वर्षांनी त्याचा उताराही त्यातच आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फवारणीच्या औषधाने हा रोग हमखास जातो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पिंपरीचे स्ट्रेप्टोसायक्लिन सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत ते जिवाणू मारते. धो धो पावसात, पानाच्या शिरांत शिरून बसलेल्या जिवाणूवर त्याचा गुण कधी येतो, कधी येत नाही. शिवाय माणसांच्या आजारात लागणारी प्रतिजैविके शेतात वापरली तर जिवाणू त्यांना निर्ढावतात, ही भीती आहेच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यांचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तेव्हा जुन्या पत्रकावर विसंबून कोणी ते मारू नये, चालू शिफारस काय आहे ते आधी कृषी सहायकाला विचारावे.

ओळख चुकली की पैसा कसा जातो याचे एक उदाहरण सांगतो. गाढी नदीच्या बाजूच्या एका गावातल्या भगिनीने बुरशीच्या करप्याचे औषध तीन वेळा फवारले. मजुरी गेली, औषध गेले आणि पाने सुकत राहिली. तिच्या ओटीवरच आम्ही काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेतले. पानाचा जिथे हिरवा आणि पिवळा भाग मिळतो तिथला बोटभर तुकडा कापून त्याचे कापलेले टोक पाण्यात धरले. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखे धागे पाण्यात उतरू लागले. ते जिवाणू. बुरशीच्या करप्याचे पान कितीही वेळ धरले तरी असे होत नाही. ‘एवढे सोपे होते तर पहिल्यांदाच का नाही सांगितले कोणी?’ असे ती म्हणाली. दुकानदाराने तिला एवढेच विचारले होते की पंप कितीचा आहे.

पेला नसला तरी डोळ्यांनी फरक कळतो. बुरशीच्या करप्याचे ठिपके होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्ये राखी असतात. कडा करप्याची पट्टी कडेने येते, आधी पिवळी आणि मग पेंढ्याच्या रंगाची होते. सकाळी लवकर गेले तर त्यावर पिवळसर चिकट थेंब दिसतात, ते वाळले की खसखशीएवढे मणी राहतात.

१९७३ साली छापलेली एक पद्धत मला फार बोलकी वाटते. एखाद्या वाणाला कडा करपा लागतो का हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ कात्री जिवाणूच्या पाण्यात बुडवतात आणि पानांचे शेंडे छाटतात. छाटलेल्या जागेतून रोग हटकून शिरतो. आणि आपण काय करतो? आवण जास्त वाढली की लावणीच्या वेळी विळ्याने शेंडे छाटतो! रोग मुद्दाम लावण्यासाठी जे करतात तेच आपण हौसेने करतो. तेव्हा शेंडे छाटू नयेत, आवण काढताना मुळे फार तोडू नयेत. युरिया एका दमात न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यावा, आणि रोग दिसला की पुढचा हप्ता थांबवावा. पालाशला कंजूषी करू नये. रोगट खाचरातले पाणी खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात सोडू नये, जमेल तिथे बाजूच्या चरातून काढून द्यावे. वादळी पावसानंतर ओल्या शेतात उगाच फिरू नये, कारण अंगाला लागून रोग पुढे जातो. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, उरलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. रोगट शेतातले भात बियाण्याला धरू नये हे सांगायला नकोच.

मंडळांबद्दल माझी तक्रारही आहे. त्यांचे सगळे लिखाण इंग्रजीत, तेही शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञासाठी केलेले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचे काम करते, ते मोठेच आहे, पण एका संस्थेच्या खांद्यावर किती ओझे टाकणार? या बाबतीत द्राक्षवाले हुशार निघाले. राज्याच्या द्राक्ष बागायतदारांनी १९६० च्या सुमारास स्वतःचाच संघ उभा केला. भुरी आणि केवड्यावर शास्त्रज्ञांना बोलावून, समोर बसवून प्रश्न विचारायची प्रथा त्यांनी पाडली. भातवाल्यांचा असा संघ नाही. भात पिकवणाऱ्याची जमीन थोडी, खिसा रिकामा, आणि पनवेलच्या आसपास तर खाचरेच दिवसेंदिवस बिल्डरांच्या, रस्त्यांच्या आणि विमानतळाच्या कामी गेली. उरलेल्या खाचरांसाठी तरी विचारायला कोणी पुढे आले पाहिजे.

विचारायला जागा आहेत. पनवेललाच खार जमीन संशोधन केंद्र आहे, ज्याने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाते दिली. कर्जतला भाताचे प्रादेशिक केंद्र आहे, रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. ही तिन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची.

नमुना नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून नेऊ नये, तो कुजतो आणि मग त्यात काय होते हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दोन-तीन अख्खी चुडे मुळांसकट उपटावीत, माती झटकावी आणि वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून त्याच दिवशी पोचती करावीत. पूर्ण सुकलेले झाड नको, रोग नुकताच लागलेले घ्यावे. सोबत कागदावर गाव, वाणाचे नाव, लावणीची तारीख, कोणते खत किती व केव्हा टाकले, आणि रोग खाचराच्या कोणत्या बाजूने सुरू झाला, हे लिहावे. शेवटची गोष्ट लोक हटकून विसरतात. मोरीच्या तोंडाकडून सुरू झाला की झाडाच्या सावलीकडून, यावरूनच निम्मे निदान होते.

यंदा गणपतीच्या आधी आठवडाभर सकाळी दव असताना खाचरात एक फेरी मारून पाहा.